आईची रेयॉनची साडी

मंडळी, आज सकाळी आईची निळी साडी माझ्या हातून फाटली. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या कपड्यांपैकी माझ्याकडे ही एकच उरली होती.

आमचं सेलूचं घर कापूस पिकवणारं. कपडा भिजवायचा, दगडावर आपटायचा, पिळायचा, हीच सवय. साडीला कपाटाचा वास येत होता म्हणून मी परसातल्या मोरीवर तेच केलं. दुसऱ्यांदा आपटताच पदर उभा फाटला.

शेजारची मंदा शिवणकाम करते. ती कुंपणावरूनच ओरडली, "काकू, रेयॉन काऊन आपटून राह्यल्या? ओलं झालं का त्याचा दमच जाते! चादर समजल्या का?"

खरं तर मला ठाऊक होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टरनी शिकवलं होतं. लाकडाचा लगदा विरघळवून, बारीक छिद्रांतून काढून हा धागा करतात, आणि ओला झाला की तो कमजोर पडतो. रेशीम परवडत नाही त्यांच्यासाठी नकली रेशीम म्हणून तो आला. मी घरी येऊन हे ऐटीत सांगितलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "असू दे. अंगावर तर रेशमावानीच वाटते ना?" ती ही साडी बादलीत नुसती बुचकळायची आणि सावलीत वाळवायची.

ओला पदर धरून मी आज बराच वेळ मोरीपाशी उभी राहिले. मग लक्षात आलं, मी आईच्या ओरडण्याची वाट पाहत होते.

घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

तुमच्यावर हक्कानं रागावणारं कुणी अजून आहे का हो?