निम्मेबाईंची मोटार

इस्पितळाच्या स्वयंपाकघरासाठी भाजी-किराणा आणायचं काम निम्मेबाईंकडे होतं. व्यापाऱ्याने शंभर म्हणायचा अवकाश, बाई पन्नास म्हणणार. म्हणून हे नाव. बटाट्याच्या पोत्यात त्या कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल चाचपायच्या. "मागताक्षणी भाव उतरला की पोतं सडकं समजावं," हे त्यांनी अख्ख्या बाजाराला ऐकवलं होतं.

अशा बाईंना एके दुपारी फोनवर मोटार मिळाली.

"अभिनंदन, ताई! लाखांतून तुमचा नंबर निघालाय. कराचे चाळीस हजार तेवढे आधी भरा. आणि कुणाला बोलू नका हं, लोकांची नजर वाईट असते."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, कसली सोडत, कुठला नंबर? बाई म्हणाल्या, "चाळीस? वीस घ्या!"

"साहेबांना विचारतो," म्हणून तो गेला आणि चुटकीसरशी परतला. "फक्त तुमच्यासाठी, वीस!"

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. कराच्या रकमेत घासाघीस होत नसते, हे कळायला डोकं जागेवर लागतं. ते मोटारीत जाऊन बसलं होतं.

कपाटात नवरोबांच्या कानाच्या यंत्रासाठी साठवलेले पैसे होते. बाईंनी ते पिशवीत कोंबले, चपला चढवल्या. पण उंबऱ्याशी मन खाऊ लागलं. पैसे त्यांच्या कानाचे, निदान सांगावं तरी. आता या घरात हळू बोलून भागत नसे.

"अहो, आपल्याला मोटार मिळतेय!"

"काय?"

"मोटार! बक्षीस!"

समोरची खिडकी उघडली.

"तिकीट कधी काढलंस?"

"नाही काढलं!"

"मग देतंय कोण?"

"माहीत नाही!" दुसरी खिडकी उघडली. "पैसे आधी आपणच भरायचे! चाळीस म्हणाला, मी वीसवर आणला!"

"लगेच उतरला?"

स्वतःचंच बोलणं असं गल्लीभर ऐकल्यावर बाईंनी पैशांची पिशवी काखेत घट्ट धरली. तेवढ्यात फोन वाजला.

"निघालात ना, ताई? बरं, पंधरा द्या."

"पाच," बाई म्हणाल्या.

"चालेल!"

"सडकंय तुझं पोतं," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या दुकानात त्यांनी सवयीने निम्मी किंमत सांगितली. "एक रुपया कमी होणार नाही," दुकानदार खेकसला. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी मुकाट्याने पूर्ण पैसे मोजले.

घरी आल्यावर यंत्र नवरोबांच्या कानात बसलं. बाई पाठमोऱ्या होऊन रिकामी पिशवी घडी करत पुटपुटल्या, "तुमचे पैसे घेऊन मी निघालेच होते हो."

"ठाऊक आहे," मागून आवाज आला. "चपला घालूनच सांगायला आली होतीस."