तिसऱ्या धाग्याची भाषा

"येस?" सर वाचता वाचता थांबले. एका हातात माइक, दुसऱ्या हातात मी लिहिलेल्या पायलटचं शेवटचं पान. "घराबाहेर पडताना ही बाई म्हणते, येस. म्हणजे खेड्यातल्या या आईला इंग्रजी येतं?"

हॉल हसला.

सरांनी तो शब्द पुन्हा वाचला. या वेळी मान उडवून, डोळे मिचकावून, एखाद्या बड्या हॉटेलातल्या काउंटरवरच्या बाईसारखा. "येस." पुन्हा हसू. मागच्या रांगेतून कुणीतरी "थँक्यू" अशी जोड दिली. त्यावर तर टाळ्या पडल्या.

मी उभी होते. आपलं पान वाचलं जात असताना लेखकाने उभं राहायचं, असा तिथला नियम. मी म्हणाले, "सर, ते इंग्रजी नाही. अहिराणी आहे. येस म्हणजे येते."

"मग येते लिही ना. प्रेक्षकाला शब्दकोश देऊन बसवणार आहेस का?"

सर मुंबईचे. त्यांना येस ठाऊक नसेल, ठीक आहे. पण हॉलमधली निम्मी पोरं अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडची होती. त्यांच्या घरात रोज सकाळी कुणीतरी येस म्हणून बाहेर पडतं. तीही हसत होती, आणि सरांपेक्षा जरा मोठ्यानेच. मला त्यांचाच जास्त राग आला.

मी पिंप्राळ्यात खोली करून राहते. जळगावातल्या सराफांच्या जाहिराती लिहिते, केबलवर लागतात त्या. "विश्वास शुद्धतेचा, वारसा पिढ्यांचा" असल्या ओळी माझ्याच. माझ्या अंगावर सोन्याचा कण नाही, तो भाग वेगळा. गाव पिंपळनेरच्या पुढे. माय गावातल्या शाळेत खिचडी शिजवते. मालिका लिहायची हे माझ्या डोक्यात कॉलेजपासून होतं. त्यामुळे एका वाहिनीची लेखन कार्यशाळा जळगावात होणार, आणि त्यातून एक पायलट निवडणार असं कळलं, तेव्हा मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पायलट म्हणजे मालिकेचा पहिला भाग. वाहिनीला तोच दाखवायचा, आणि पुढचं सगळं त्यावरून ठरतं. सर शिकवायचे चांगलं, ते नाकारत नाही. ते म्हणायचे, पायलट म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. एका बैठकीत घर दाखवायचं, माणसं दाखवायची, आणि तरी पाहुण्यांनी पुन्हा यावं इतकं झाकून ठेवायचं. सुरुवातीला, नाव पडद्यावर यायच्याही आधी, एक छोटा प्रसंग. त्यात प्रश्न पेटला पाहिजे. मग चार अंक. प्रत्येक अंकाच्या शेवटी जाहिराती, म्हणून प्रत्येक अंक अशा जागी तोडायचा की प्रेक्षकाचा रिमोटवरचा अंगठा थांबला पाहिजे. आणि शेवटच्या अंकाच्या शेवटी सगळ्यात मोठा हिसका.

त्यांनी फळ्यावर तीन रेघा ओढल्या होत्या. पहिला धागा नायिकेचा. दुसरा धागा घरातल्या दुसऱ्या कुणाचा, दिराचा किंवा नणंदेचा. तिसऱ्याला ते रनर म्हणायचे. रनर म्हणजे प्रत्येक अंकात मध्येच येऊन हसवून जाणारं कुणीतरी. त्याला स्वतःचं दुःख नसतं, त्याला काही हवं नसतं. मी हे सगळं उतरवून घेतलं होतं. त्यात मला तेव्हा काही खटकलं नव्हतं.

माझं पायलट असं होतं. एका बाईच्या लेकीला सासरच्यांनी घराबाहेर काढलंय आणि तिचं पोर ठेवून घेतलंय. बाई म्हणते, मी जाऊन नातू घेऊन येते. तिच्या नवऱ्याला व्याह्यांशी वाकडं नको. तो दारात आडवा होतो. म्हणतो, "हाऊ उंबरठा वलांडा ते परत येवानं नही." बाई पायात चप्पल घालते. पदर खोचते. उंबरठ्याबाहेर पाय टाकते आणि म्हणते, "येस." पडदा काळा.

आमच्याकडे घराबाहेर पडणारा "जास" म्हणत नाही. जास म्हटलं की म्हातारी माणसं अंगावर येतात. मयताला जाणारासुद्धा येस म्हणूनच निघतो. ज्या बाईला परत येऊ नको असं सांगितलंय, ती येस म्हणते. रोजचाच शब्द, पण त्या दिवशी तो नवऱ्याला उत्तर आहे. माझा अख्खा भाग त्या एका शब्दासाठी लिहिलेला होता. चारही अंक तिकडेच चालत येत होते. सरांनी तो शब्द माइकवर घेतला आणि त्याची नक्कल केली.

हे मला नवीन नव्हतं. आठवीला मी धुळ्याच्या वसतिगृहात होते. माय पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा वॉर्डनबाईंच्या खोलीत दोन शिक्षिका चहा पीत बसल्या होत्या. माय दारात उभी राहून म्हणाली, "मन्ही आंडेर आठे शे. तिले भेटनं शे." आमच्याकडे आहे म्हणजे शे. वॉर्डनबाई म्हणाल्या, काय शे? पुन्हा सांगा. मायने सांगितलं. त्या म्हणाल्या, या बाईंना ऐकू आलं नाही, त्यांच्याकडे बघून सांगा. मायने तिकडे बघून सांगितलं. आंडेर म्हणजे काय हो, असं एकीनं विचारलं. लेक, असं मायने हळू सांगितलं. बाई कपात तोंड घालून हसल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. त्यानंतर माय फाटकाच्या आत आली नाही. यायची, समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसायची, आणि आत जाणाऱ्या एखाद्या मुलीला खुणेने मला बोलवायला सांगायची. शब्द वापरायची नाही.

तर हॉलमध्ये मी उभी होते, ती खाली बसले. बाकीच्यांची पानं वाचली गेली. मला वाटलं, आपलं आटोपलं.

पण कार्यशाळेच्या शेवटी माझंच पायलट निवडलं गेलं. वाहिनीच्या मॅडम मुंबईहून आल्या होत्या. त्यांनी आणि सरांनी मला त्या उतरल्या होत्या त्या हॉटेलात जेवायला बोलावलं. मी बहिणीचा ड्रेस घालून गेले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. मायला फोनही करून टाकला होता.

मॅडम गोड बोलत होत्या. "बांधणी एकदम घट्ट आहे तुझी. अंक जिथे तुटायला पाहिजेत तिथेच तुटतात. उंबरठ्याचा शेवट तर कमाल." मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं. तेही सांगितलं. "अच्छा, म्हणजे तुम्ही लोक..." असं म्हणून त्या थांबल्या आणि पनीर वाढून घेतलं.

"फक्त दोन बदल," सर म्हणाले. "कुटुंब नाशिकला आणू. बंगला देऊ. भाषा स्वच्छ करू. आई शेवटी म्हणेल, येते मी. तिच्या तोंडी ते शोभेल."

"आणि अहिराणी?" मी विचारलं.

"ती वाया नाही घालवायची," मॅडम म्हणाल्या. "घरात भांडी घासायला एक बाई ठेवू. ती तशी बोलेल. शे, बठ्ठं, ते सगळं. फार धमाल होईल. आणि तिचे संवाद तूच लिहायचे. नटीला शिकवायचंही तूच."

"रनर," सर म्हणाले.

फळ्यावरच्या तीन रेघा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. पहिला धागा, दुसरा धागा, तिसरा धागा. मला वाटत होतं, सर मला गोष्ट कशी बांधायची ते शिकवताहेत. त्याच वेळी ते कुणी कुठे बसायचं तेही सांगत होते. ज्याला काही हवंय, जो रडतो, जो दार उघडून निघून जातो, त्याची भाषा एक. आणि मध्येच येऊन हसवून जातो त्याची भाषा माझी. वॉर्डनबाईंच्या खोलीत माझी माय लेकीला भेटायला आली होती. त्यांनी तिला चहाबरोबरची करमणूक केलं. तेच आता पडद्यावर करायचं होतं, रोज संध्याकाळी, आणि लिहून मी द्यायचं.

भांडी घासणाऱ्या बाईची मला लाज नाही. माझी मावशी धुळ्यात चार घरी भांडी घासते. ती तिथे काम करायला जाते, पडून-धडपडून कुणाला हसवायला जात नाही.

"एक वाक्य म्हणून दाखव ना," मॅडम म्हणाल्या. "बाई दारात आलीये, उशीर झालाय, मालकीण रागावलीये. बोल. ऐकू दे आम्हाला."

वेटरही थांबला. मी पाणी प्यायले. मग म्हणाले, "हाई बोली हसाले नही. मन्ही मायनी बोली शे. मी लिखनार नही."

मॅडमनी टाळी वाजवली. "किती गोड. सर, हेच पाहिजे. हाच ठसका."

त्यांना वाटलं मी बाईचा संवाद म्हणून दाखवला. मी नाही म्हणत होते आणि ते खूश होत होते. एक क्षण माझ्या मनात आलं, आता शुद्ध मराठीत सांगावं. वाक्य तयारही होतं तोंडात, जाहिरातीसारखं गुळगुळीत. पण माझा नकार समजावा म्हणून मी त्यांच्या भाषेत जाऊन बोलायचं, असं का? मी मॅडमच्या डोळ्यांत बघितलं आणि तेच पुन्हा म्हणाले. शब्द तेच, हळू.

"हाई बोली हसाले नही. मन्ही मायनी बोली शे. मी लिखनार नही."

हसू हळूहळू उतरलं. सरांनी चमचा ठेवला. "हे बघ, नखरे करू नकोस. तुझ्यासारख्या मुलीला अशी संधी पुन्हा येत नाही. नाव होईल तुझं."

"कुणाचं, सर?" मी विचारलं. हे मात्र मराठीत.

सरांनी चमचा पुन्हा उचलला. मॅडम मोबाईलमध्ये बघायला लागल्या. टेबलावरचं माझं पायलट मी उचललं. त्यावर डाळीचा डाग पडला होता. ते पिशवीत घातलं आणि निघाले. मागून सरांचं वाक्य ऐकू आलं. "नाकापेक्षा मोती जड." मी हॉटेलच्या पायऱ्या उतरले. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. मायला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

मायला फोनवर सगळं सांगितलं. तिने विचारलं, "जेवनी का तू?" मी नाही म्हणाले. "मंग पहिले जेव," ती म्हणाली.

काही महिन्यांनी त्या वाहिनीवर नवी मालिका आली. माझी नव्हे. कुटुंब नाशिकचं, बंगला, झोपाळा. आणि भांडी घासायला एक बाई, जी प्रत्येक वाक्याला शे लावते, नको तिथेही लावते, आणि प्रत्येक भागात बादलीसकट घसरते. लिहायला कुणीतरी मिळालंच त्यांना. पिंप्राळ्यात आमच्या घरमालकिणीच्या घरी सगळे जमून ती बघतात. ते बाईच्या प्रवेशाची वाट बघतात आणि घरात जी भाषा बोलतात त्याच भाषेला हसतात. मी त्यांना दोष देऊन काय करू? त्यांना आजवर पडद्यावर दुसऱ्या कुठल्या जागेवर ती ऐकायलाच मिळालेली नाही.

माय माझ्याकडे आली होती तेव्हा तिनेही एक भाग पाहिला. बाई घसरली. सगळे हसले. मायने माझ्याकडे वळून विचारलं, "हाई कोन शे वं? आपलामा अशी कोन बोलस?" थोड्या वेळाने पुन्हा, "आनि ती पडस कसाले?"

याचं उत्तर मला तिला तोंडाने सांगायचं नव्हतं.

मी पायलट पुन्हा लिहायला घेतलं. आधीच्या खर्ड्यात थोडी भीती होती, ती मला आता दिसत होती. त्यात मी जिथे तिथे सोपे मराठी शब्द पेरले होते, वाहिनीचं अडू नये म्हणून. ते काढले. पहिल्या प्रसंगात पहिलं वाक्य आईचं. त्या घरातले बठ्ठे, म्हणजे सगळे, एकच बोली बोलतात, रडताना तीच, भांडताना तीच, व्याह्यांच्या दारात न्याय मागतानाही तीच. तालुक्याहून येणारा एक साहेब आहे, तो प्रमाण मराठी बोलतो. तो तिसऱ्या धाग्यात आहे. पण तो घसरत नाही. त्यालाही घर आहे, त्यालाही कसली तरी काळजी आहे, ती मी लिहिली आहे.

दोन ठिकाणी पाठवलं. एकीकडून उत्तर नाही. दुसरीकडून आलं, की विषय चांगला आहे, भाषेचं काहीतरी करा. मी काही केलेलं नाही. अजून सराफांच्या जाहिराती लिहिते आणि हे ज्याला त्याला पाठवते. पहिल्या पानावर शीर्षकाच्या खाली एक सूचना आहे. सर्व संवाद अहिराणीत राहतील. मराठी अक्षरं पडद्यावर खाली येतील. ज्याला कळत नाही, त्याने वाचायची.

ही सूचना मी काढणार नाही. मालिका झाली नाही तरी काढणार नाही.