आईची रिक्वायरमेंट

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी जो विषय शिकवते, त्याच्या नावानेच मुलांना जांभया येतात: रिक्वायरमेंट इंजिनिअरिंग. म्हणजे सॉफ्टवेअर लिहायला बसण्याआधी, ते ज्याला हवंय त्याला नेमकं काय हवंय हे शोधून काढणं. मुलांना कोड लिहायची घाई असते. समोरच्या माणसाशी बोला म्हटलं की त्यांना घाम फुटतो. म्हणून दर वर्षी मी वर्गात एखादा खराखुरा ग्राहक आणून बसवते. लॉन्ड्रीवाले येऊन गेले, जिमवाले येऊन गेले. यंदा मी माझ्या आईला आणलं.

तिची गरजही तशीच खरी होती. आई सिन्नरला एकटी राहते. हृदयाचं दुखणं झाल्यापासून तिला सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत आणि त्या चुकवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय. मध्यंतरी एका संध्याकाळी तिने फोन उचलला नाही. ती शेजारी बारशाला गेली होती आणि फोन घरीच राहिला होता. पण तेवढ्यात माझ्या बंगळुरूच्या भावाने तिकडून घर डोक्यावर घेतलं आणि आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, की आता आईने नाशिकला माझ्याकडे यायचं.

आईला हे अजिबात मान्य नव्हतं. "तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट हाय, पण संध्याकाळी बसायला ओटा नाय," ती म्हणाली. मग तोडगाही तिनेच काढला. "तू पोरांना ते शिकवती ना? मंग मला गोळ्यांचं एक अ‍ॅप करून दे. ते नीट चाललं तर मी सिन्नर सोडणार नाय." भाऊ थोडे दिवस थांबायला कसाबसा तयार झाला.

ठरल्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून, चिवड्याचा डबा घेऊन वर्गात आली. प्रश्न विचारण्याआधीच डबा अर्धा झाला होता. पहिल्याच मुलाने विचारलं, "आजी, अ‍ॅपचा रंग कोणता हवा?"

मी कपाळावर हात मारला. रंगापासून सुरुवात करू नका म्हणून मी सगळं सेमिस्टर घसा कोरडा केला होता.

"आंबा कलर," आई खुशीत म्हणाली.

"आठवण करून द्यायला मॅडमचा आवाज टाकू?"

"नको रे बाबा. ही आधीच लय बोलते."

वर्गाला एवढा आनंद माझ्या कोणत्याच लेक्चरला झाला नसेल. एकाने तर फळ्यावर कॅमेराच काढला. आजींनी गोळी गिळली की नाही ते कॅमेरा बघणार आणि एआय ओळखणार. "म्हणजे माझं तोंड उघडून बघणार का?" आईने विचारलं, तेव्हा त्याने डस्टर उचललं. आईला मजा येत होती आणि मी मात्र आतल्या आत धुमसत होते. हे असलं काही बनवून भावाची खात्री पटणार नव्हती.

मग एक मुलगी उठली. ही माझ्याशी एरवी फक्त हजेरीवरून भांडते. "आजी, आत्ता तुम्ही गोळी कशी लक्षात ठेवता?"

"लक्षात काय ठेवायचं? चहा ठेवते, गोळी घेते, मंग देवाला फुलं घालते."

"मग विसरता कधी?"

"एकदाबी नाय."

मुलगी गोंधळली. "मग आजी, हे अ‍ॅप नक्की कोणासाठी?"

आईने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यासाठी. आन् हिच्या भावासाठी. सकाळी फोन, गोळी घेतली का. संध्याकाळी फोन, गोळी घेतली का. घेतली म्हटलं की ठेवला. गेटापाशी शेवंतीला कळ्या आल्यात, ते सांगायचं माझ्या तोंडातच राहतं."

वर्गात हसू पिकलं. मलाही हसू आलं. समोरच्याला प्रश्न कसे विचारावेत याचा मी पगार घेते आणि आईला मी एकच प्रश्न विचारत होते.

मुलगी मात्र थांबली नाही. "गोळी घेतल्याचं यांना कळावं, असं आत्ता काही करता का?"

"करते की. गोळी घेतली की ते सुप्रभातचं फूल टाकते ना घरच्या ग्रुपवर. संध्याकाळची घेतली की शुभरात्री. गोळी घेतल्याबिगर मी फोनला हातच लावत नाय."

मी पर्समधून फोन काढला. तो ग्रुप मी कधीचा म्यूट करून ठेवला होता. वर सरकवत गेले तर गुलाब, जास्वंद, दवात भिजलेली सूर्यफुलं, सकाळ-संध्याकाळ, एकदाही खंड नाही. बारशाच्या संध्याकाळीही शुभरात्रीचं कमळ वेळेवर आलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली भावाचा मेसेज होता, "आई फोन का उचलत नाही??"

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "अ‍ॅपची गरजच नाही." तिला मी प्रॅक्टिकलचे पूर्ण मार्क दिले. कॅमेरावाल्या मुलाने तक्रार केली, पण चिवडा खाता खाता.

त्या सगळ्या फुलांचे स्क्रीनशॉट मी भावाला पाठवले.  त्याचं उत्तर आलं, "राहू दे तिला सिन्नरलाच." ग्रुप त्यानेही म्यूट करून ठेवला होता; तो अनम्यूट केल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, कारण आईच्या सुप्रभातला त्याने आयुष्यात पहिल्यांदा सुप्रभात केलं.

त्या संध्याकाळी कमळ येऊन पडलं आणि मी फोन लावला. "आई, शेवंतीला कळ्या किती आल्यात गं?"

"गोळीचं नाय विचारलंस?"

"कमळ आलं की तुझं."

"थांब मंग," आई म्हणाली, "ओट्यावर येऊन नीट बसते." आणि तिने शेवंतीपासून सुरुवात केली.