मूठभर मिठाचा समुद्र

"वहिनी, मूठभर मीठ द्या. समुद्र करून राहिलो."

उन्हाळ्यातल्या दुपारी भिंतीपलीकडून अशी हाक आली की आमची ही हसत उठायची. आमचे शेजारी, ग्रीक साहेब, ओट्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसलेले असत. मीठ टाकायचं, बोटाने चाखायचं आणि म्हणायचं, "हां, आता जमलं."

तुम्ही म्हणाल, अकोटात ग्रीक माणूस कुठून आला? कापूस घेणाऱ्या एका विलायती कंपनीने त्यांना पोरसवदा वयात इकडे आणलं होतं. कंपनी गेली, साहेब राहिले. आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाची प्रत पाहत, मी वजनकाट्यावर असे. "काहून बे, ओला कापूस आणला?" असं ते कडाडले की गाडीवाल्यांची बोलती बंद.

त्यांचं गाव एका बेटावर होतं. "समोर समुद्र, मांगं डोंगर, मधात आमचं घर. दुपारी सारं गाव झोपते, कुत्रंबी भुकत नाही. आमच्या गावाले या एकडाव!" हे आमंत्रण पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना होतं. आम्ही "येऊ की" म्हणायचो. जातंय कोण!

साठ सालानंतर केव्हातरी त्यांच्या भाच्याची तार आली. तो जहाजावर नोकरीला होता. जहाज मुंबईला लागलं होतं आणि मामाला घरी न्यायला तो येत होता. साहेबांनी नवा कोट शिवला, ट्रंक भरली. मी मूर्ख आळीभर सांगत सुटलो, "चला रे, साहेब आज ग्रीक बोलणार!"

भाचा ओट्यावर चढला आणि मामाला मिठी मारून भडाभडा बोलू लागला. साहेबांनी तोंड उघडलं. एक शब्द आला, दुसरा अडला. मग एकदम म्हणाले, "एवढ्या उन्हात काहून आला बे? जेवला का?"

आम्ही खो खो हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी.

भाचा गोंधळला. लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलू लागला. साहेब त्याच्या ओठांकडे बघत राहिले. कानापर्यंत लाल झाले होते. शेवटी मामा-भाचे इंग्रजीत बोलले, कचेरीत बोलावं तसं.

भाचा दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "गावात आता उन्हाळ्याचे पाव्हणे येतात म्हने. खोल्या भाड्यानं जातात. समुद्राकडची खोली बहिणीनं माह्यासाठी ठेवली. पण तिले इंग्रजी येत नाही, भाऊ. तिच्यासमोर मुका बसू? लाज वाटते मले."

साहेब पुढे अकोटातच वारले. "आमच्या गावाले या" असं त्यांनी पुन्हा कुणालाही म्हटलं नाही.

पण मला आठवते ती भाचा गेल्यानंतरची दुपार. पलीकडे घमेलं वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला, हाक मात्र येईना. म्हणून आमची हीच मीठ घेऊन गेली. मागोमाग मी.

साहेबांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "साधं पाणीच बरं."