काळा मासा आणि शिळं पाणी

दादांच्या दिवाणखान्यात फिशटँक आला तो ते निवृत्त झाल्यावर. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यातले साहेब. नोकरीत असताना त्यांच्याकडे माणसांची रीघ असे. निवृत्तीनंतर पुंडलिकनगरच्या त्या घराची बेल फक्त दूधवाला वाजवू लागला. टँकमुळे पुन्हा कोणीतरी त्यांच्याकडे तोंड करून उभं राहू लागलं. मासे तोंड उघडून ऐकतात आणि मध्ये बोलत नाहीत. निवृत्त अधिकाऱ्याला याहून चांगला स्टाफ मिळणं कठीण.

टँक सुचवला होता खात्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्याने. हा गृहस्थ पूर्वी कालव्यांची गळती बघायचा, आता लोकांच्या घरांच्या दिशा बघतो. त्याने सांगितलं, टँक ईशान्येला ठेवा, मासे सगळे सोनेरी आणि एकच काळा. घरावर येणारं संकट काळा मासा अंगावर घेतो आणि मरतो. मेला की दुसरा आणायचा. कालव्याची गळती त्याला कधी बुजवता आली नव्हती, पण घराची गळती एका माशात बुजते म्हणताच दादांना पटलं.

वहिनींच्या पायाला त्याच सुमारास नवी चप्पल लागून फोड आला. त्यांना साखर आहे. फोड फुटला, भरून येईना आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला काळसर डाग दिसू लागला. वहिनी पैठणच्या, तोंडाने रोखठोक.

‘‘अहो, डॉक्टरला दाखवू ना एकदा,’’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा मासा पोट वर करून तरंगत होता. दादांनी फोन करून मला बोलावून घेतलं. आवाजात बढती मिळाल्याचा आनंद होता.

‘‘बघ. तुझ्या वहिनीचा पाय. घेतला यानं अंगावर.’’

‘‘मग माझा ठणका का नाय गेला?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘जाईल. वेळ लागतो. वरून मंजुरी आली म्हणजे लगेच काम सुरू होतं का?’’

दादांनी मासा बागेत पुरला, जास्वंदीच्या मुळाशी, आणि दुपारी दुसरा आणला. तोही मेला. तिसराही. प्रत्येक वेळी दादा वहिनींच्या पायाकडे बघून समाधानाने मान हलवत. सोनेरी मासेही मरतच होते, पण त्यांच्यावर कुठलीच जबाबदारी सोपवलेली नसल्यामुळे ते निमूटपणे कचऱ्याच्या गाडीत जात.

मासे का मरत होते, हे आमच्या गावात राहणाऱ्याला कळायला हवं होतं. संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही, पाण्याचा वार असतो. त्या दिवशी घराघरातलं उरलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतलं जातं, हंडे-कळश्या घासल्या जातात, अंगणं धुतली जातात आणि मग सगळं ताज्या पाण्याने काठोकाठ भरलं जातं. आठवडाभर थेंब थेंब जपलेलं पाणी ज्या ऐटीत आपण त्या सकाळी फेकून देतो, ती ऐट दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं वाटत नाही. दादा त्याच शिस्तीत टँकही रिकामा करत. नळाला नळी लावून थेट भरत. पाणी आरशासारखं दिसे आणि त्याला जंतुनाशकाचा वास इतका येई की दिवाणखाना दवाखान्यासारखा वाटे. मासे काही तास वर येऊन तोंड उघडत. दादांना वाटे, ताजं पाणी पिऊन खूश झालेत.

‘‘दादा, त्यांना या पाण्याचा त्रास होतोय,’’ मी एकदा म्हणालो.

‘‘पाण्यात आयुष्य गेलं माझं,’’ दादा म्हणाले. ‘‘शिळ्या पाण्यात ठेवू का देवाच्या जिवाला?’’

वहिनी ऐकत होत्या. दादा आत गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हा मासा मेला नाय तर? मग त्यांना बोलायला जागाच राहणार नाय. मग नेतील ना मला?’’

‘‘मी नेतो. आत्ता चला, रिक्षा बोलावतो.’’

‘‘नवरा धडधाकट समोर बसलेला असताना दिरासोबत जाऊ व्हय? त्यांच्या तोंडून निघू द्या, चल म्हणून.’’

एकीकडे दादांचा मासा, दुसरीकडे वहिनींचा मान. त्या घरात समजूतदार असा एक पायच होता, आणि तो काळा पडत होता.

पुढच्या पाण्याच्या वाराला दादा सकाळी फिरायला गेले, तेवढ्यात, टँक मीच भरला असं सांगता यावं म्हणून, वहिनींनी टँकला नुसती नळी लावून ठेवली आणि लंगडत पाण्याची बादली भरून जिन्याखाली ठेवली. दोन दिवसांनी, जंतुनाशकाचा वास उडाल्यावर, त्यातलं थोडं थोडं, तांब्याने, दादा दुपारी झोपल्यावर टँकमध्ये घातलं. निम्मं पाणी जुनंच राहिलं. पुढे दर वाराला असंच चाललं. तळाची घाण त्या नळीने तोंडाने ओढून काढायच्या आणि थुंकायच्या. काळा मासा जगला. सोनेरीही जगले. काचेवर शेवाळाची बारीक हिरवी झाक आली, तर दादांना त्यात माशांचं तेज दिसलं.

मी टँकला हसत असे, पण त्या दिवसांत मीही तिथे जाऊन बसू लागलो. दुपारी उन्हाची तिरीप पाण्यात उतरली की तो काळा मासा मखमलीच्या तुकड्यासारखा दिसे. त्याचे डोळे बाहेर आलेले, चाल एखाद्या लठ्ठ मामलेदारासारखी. वहिनी आल्या की तो काचेशी यायचा. दुसऱ्या कोणासाठी यायचा नाही. वहिनी पाय स्टुलावर ठेवून बसत, बोटाच्या टोकावर खाद्याचा दाणा धरत आणि तो अलगद टिपून घेई. त्या हसत.

‘‘आमच्या पैठणला तुझ्यासारखे बाजारात वाट्यावर मिळतात रे,’’ त्या त्याला सांगत. ‘‘जग मेल्या. तू जगलास तर माझा पाय वाचंल.’’

बरेच आठवडे तो मेला नाही. मग एका रविवारी, मी समोर असताना, वहिनींनी विषय काढला. पायाला फडकं बांधलेलं होतं. वास लपत नव्हता.

‘‘अहो, आता तर मासाबी मरंना. मग माझं दुखणं कोण घेतंय?’’

दादांनी टँककडे पाहिलं. काळा मासा टुणटुणीत होता. दादांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

‘‘अगं, तो मरत नाही याचाच अर्थ घरावर संकट नाही. तुझा पाय साधा आहे. हळद लाव.’’

मासा मेला तरी पाय बरा, जगला तरी पाय बरा. दोन्ही दारं बंद करून दादा चहा मागत होते. चहा वहिनींनीच करून आणला, लंगडत.

दोन दिवसांनी ताप भरला, तेव्हा वहिनींनी मला फोन केला. ‘‘चला भाऊजी.’’ मान जिन्याखालच्या बादलीपाशी सोडून त्या रिक्षात बसल्या. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि आधी खिडकी उघडायला लावली. बोट त्याच दिवशी काढलं. जखम वर सरकत राहिली. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले आणि एक दिवस वाट बघू म्हणाले.

दादा आले, मोसंबी घेऊन. घडलेलं सगळं वहिनींनी त्यांना सांगून टाकलं, जिन्याखालची बादली, तांब्या, शिळं पाणी. तापात माणूस खोटं बोलायचा कंटाळा करतो. दादा खुर्चीत ताठ झाले.

‘‘म्हणजे तू त्याला मरू दिलं नाहीस,’’ ते म्हणाले. ‘‘तो घ्यायला तयार होता. तूच आडवी आलीस. आता भोग.’’

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

दादा तडक घरी गेले. पाण्याचा वार नव्हता, त्यांनी टँकर मागवला. टँक तळापासून घासला, शिळं पाणी मोरीत सोडलं, काठोकाठ ताजं भरलं आणि घरात पडून असलेली जंतुनाशकाची पूड वरून स्वतःच्या हाताने टाकली. संध्याकाळी माझा फोन वाजला.

‘‘मेला! सांग तिला. आता भीती नाही.’’

मी वहिनींना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘लई तडफडला का?’’ ते दादांनी कळवलं नव्हतं. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळी पाय गुडघ्याखालून काढला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून सांगत, जीव जाणार होता, थोडक्यात निभावलं, मासा मरायला एका दिवसाचा उशीर झाला नसता तर पायही राहिला असता. खात्यातला तो सहकारीही आला. दिशा बघून खाट फिरवून घ्या म्हणाला.

सगळे गेल्यावर वहिनींनी डोळे उघडले.

‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘दुसरा काळा आणा. एक पाय उरलाय अजून.’’

दादांनी माझ्याकडे पाहिलं, पटलं बघ हिला, अशा नजरेने. मग चष्मा पुसला, शर्ट नीट खोचला आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून घाईने निघाले.