मुठीच्या आतला नंबर

शंतनुने ती मूठ तारेच्या घासणीने घासली आणि वरून खोबरेल तेलही चोळलं. हेतू वाईट नव्हता. कॅनडातल्या केंब्रिजच्या त्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला येऊन सहा महिने झाले होते. घरमालकाच्या मनात जरा जागा करावी, एवढंच डोक्यात होतं. वॉशिंग मशीनवर जुन्या रिव्हॉल्वरच्या मुठीच्या दोन लाकडी पट्ट्या पडल्या होत्या, काळ्या आणि चिकट. फलटणला दिवाळीत समया घासतात तशा त्याने त्या आतूनबाहेरून घासल्या. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो आईला पाठवले. आईने शाबासकीचा अंगठा पाठवला.

घरमालक नॉर्बर्ट डाबरे, वय त्रेसष्ट, मूळचा वसईचा. तो खाली आला आणि त्याने एक पट्टी उलटी करून दिव्याखाली धरली.

"आत पेन्सिलीने नंबर असतो. कुठंय?"

"काका, सगळा मळ होता. काढला."

"सव्वाशे वर्षं टिकला होता तो मळ. तुझ्या हाती दहा मिनिटं नाही टिकला. कॉलेजात शिकतोस काय तू?"

"सप्लाय चेन मॅनेजमेंट."

"वाटलंच मला."

नॉर्बर्ट हा चर्चची बाकं करणाऱ्या सुताराचा मुलगा. इथल्या कारखान्यात बावीस वर्षं त्याने गाड्यांना दारं बसवली आणि रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून मुठी करू लागला. कुणाची फुटली तर अक्रोडाची नवी कोरून द्यायची, कुणाचा पंजा दांडगा असला तर मूठ मागून भरून द्यायची, आणि जुनी कुठली, कधीची, ते ओळखायचं. स्वतः जन्मात एक गोळी झाडली नव्हती. गिऱ्हाइकांविषयी त्याचं मत ठरलेलं होतं. "नवी हँडगन घ्यायला बंदी झाली, तर हे जुनीलाच नटवत बसलेत. नवरी मिळेना म्हणून घोडाच सजवायचा."

तरी ते लोक ओकव्हिलपासून विनिपेगपर्यंत कुठूनही त्याच्याकडेच यायचे, ते त्याच्या चिठ्ठीसाठी. पूर्वी बंदुकांच्या कारखान्यात मूठ ज्या रिव्हॉल्वरला बसवायची, त्याचा नंबर तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहीत. तो जुळला की नॉर्बर्ट सही करून द्यायचा: मूठ जन्मापासून ह्याचीच. त्या सहीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. एक चिठ्ठी खोटी निघाली असती तर पुढे कुणी त्याला विचारलं नसतं. आणि ही मूठ प्रेस्टन नावाच्या गृहस्थाची होती. तो शनिवारी चिठ्ठी न्यायला येणार होता आणि नॉर्बर्टने नंबर अजून पाहिलाच नव्हता.

शंतनुने तोडगा काढला. "रिव्हॉल्वरचा नंबर त्याने दिलाय ना, ४४१७? तोच पेन्सिलीने लिहू, काका. कोण बघतंय?"

मोरीत अडकलेल्या केसांकडे पाहावं तसं नॉर्बर्टने त्याच्याकडे पाहिलं. जिन्यावरून आयव्हीबाई, म्हणजे नॉर्बर्टची बायको, म्हणाली, "ह्यांच्या लाईनवर असाच एक मॅनेजर होता. दार बसलं नाही तरी टिक करायचा. शिकलेला होता हो तोही."

शनिवारी प्रेस्टन आला. घरं विकण्याचा धंदा, त्यामुळे हसू कायम तयार. शंतनुने मान खाली घालून घोटाळा सांगितला. प्रेस्टन रागावेल असं वाटलं होतं. तो उलट खुलला.

"नो वरीज. गेला तर गेला. तू ४४१७ होता असं लिही ना, नॉर्बर्ट. आजोबांनी हे रिव्हॉल्वर शेतावर साठ वर्षं वापरलंय, मूठ कधी बदलली नाही." पुरावा म्हणून त्याने फोनवर आजोबांचा फोटो दाखवला. आजोबांच्या हातात फावडं होतं.

फोन पाहून शंतनुला आपला फोटो आठवला. आईला पाठवलेल्या पहिल्या फोटोत एक पट्टी उलटी पडलेली होती. त्याने बोटांनी फोटो मोठा केला. मळात आकडे अगदी स्पष्ट होते: १०९३.

नॉर्बर्टने चष्मा वर करून पाहिलं. "आजोबा तुझेच असतील," तो प्रेस्टनला म्हणाला. "मूठ दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांची आहे."

"फोटोत काहीही दिसतं. हे बघ, रिव्हॉल्वर माझं, मूठ माझी."

"चिठ्ठी माझी."

प्रेस्टनचं हसू एकदाचं मावळलं. त्याने पट्ट्या खिशात कोंबल्या आणि तो निघून गेला. गाडी बर्फात दोनदा घसरली, तेव्हा आयव्हीबाई खिडकीत उभी राहून आनंदाने बघत होती.

शंतनु शाबासकीची वाट बघत उभा होता. "फोटो बरे काढतोस," नॉर्बर्ट म्हणाला. "तेवढंच करत जा."

मग शंतनुला टेबलावर स्क्रू दिसला. दोन्ही पट्ट्यांना धरून ठेवणारा एवढासा जुना स्क्रू घाईत मागे राहिला होता. तो नसेल तर मूठ बसत नाही, आणि तसला आज कुठे मिळत नाही.

"पोस्टाने पाठवू का?" शंतनुने विचारलं.

"आपला पत्ता आहे त्याच्याकडे. यावं, खोटं बोललो म्हणावं, स्क्रू न्यावा."

बर्फ गेलं, गवत कापायचे दिवस आले. प्रेस्टनचा स्क्रू खिडकीत बाटलीच्या झाकणात पडून आहे, आणि नॉर्बर्ट दर शनिवारी त्यावरची धूळ तेवढी पुसतो.