शिर्केनं म्हशी का विकल्या

तबेल्यातले किस्से शेणासारखे असतात. सकाळी टोपल्या भरून उचला, संध्याकाळी पुन्हा तेवढाच ढीग. माझा शाळेपासूनचा दोस्त शिर्के, किला गेटमागे त्याच्या नऊ म्हशी, आणि तिथल्या बाजेवर रोज चहाला टेकणारा मी. माझ्याकडे साठा होणारच. यंदा एकोणपन्नासाव्या वर्षी त्यानं सगळ्या म्हशी विकायला काढल्या. लोक मला विचारतात, "इतनी जल्दी क्यों? धंदा तर ठीक चालला होता." मी कारण सांगत नाही, किस्से सांगतो.

*

लग्नानंतर शिर्केनं वहिनींना फिरायला न्यायचं ठरवलं. सकाळची धार, दूधवाटप, शेण उरकून दुपारी निघायचं, संध्याकाळच्या धारेला परत. तेवढ्या वेळात जग जेवढं दिसतं तेवढं दाखवलं, म्हणजे गावातलीच फूलबाग. वहिनी अजून सांगतात, "भावजी, माझा हनीमून साडेतीन तासांचा. त्यात अर्धा तास हे एका माणसाला भुशाचा भाव विचारत होते."

*

एकदा शिर्केला टायफॉइड झाला. त्याची लाली म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देईना. शेवटी वहिनींनी त्याचा सदरा चढवला, डोक्याला त्याचाच गमछा बांधला. लालीनं हुंगलं, जरा विचार केला आणि अर्धी बादली दिली. मग वहिनी शिर्केसारख्या खोकल्या. उरलेली अर्धी मिळाली. खोटं वाटत असेल तर लालीला विचारा.

*

मुलीच्या लग्नाला गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला. शिर्के म्हणाला, "ती माझी धारेची वेळ आहे. जरा पुढेमागे करा ना."

"अहो, गाई घरी परततात म्हणून तर तो मुहूर्त."

"गाईंचं ठीक आहे गुरुजी. माझ्या म्हशी घरीच असतात."

मुहूर्त काही हलला नाही. अक्षता पडल्या आणि मुलीचा बाप फेट्यासकट म्हशीखाली जाऊन बसला. इकडे विहीणबाई सगळ्यांना विचारत होत्या, "व्याही कशावरून रुसले?"

*

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, "उकिडवं बसणं बंद."

शिर्के म्हणाला, "मग म्हशीला स्टुलावर उभी करू?"

डॉक्टर हसले. शिर्के हसला नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

धारेला एक गडी ठेवून पाहिला. धडधाकट, तिशीतला. आठवडाभर टिकला. जाताना म्हणाला, "भाईसाब, काम बुरा नहीं है. इसमें इतवार नहीं आता."

त्या दिवशी शिर्केनं म्हशींच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

*

म्हशी गेल्या त्या संध्याकाळी मी पाचच्या सुमाराला पोचलो. रिकाम्या दावणीसमोर वहिनी बाजेवर बसल्या होत्या. शिर्केनं स्वतः चहा केला होता. पंचवीस वर्षांत त्या वेळेला दोघं पहिल्यांदा एकत्र चहाला बसत होते. त्यानं मोठ्या प्रेमानं वहिनींच्या कपात दोन चमचे साखर घातली.

वहिनींनी कप त्याच्याकडे सरकवला. म्हणाल्या, "अहो, मला शुगर निघून सहा वर्षं झाली."

शिर्के म्हणाला, "अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही धार काढत होतात."